वाचकांचे प्रश्न : क्लीनिंग मारण्याआधी नॉझल चेकचा कागद नीट बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांची गर्दी सुरू होते आणि नेमके तेव्हाच आमच्याकडे प्रिंटरचे प्रश्न वाढतात. उन्हाळाभर जेमतेम चाललेलं मशीन एकदम दिवसभर कामाला लागतं आणि पट्टे मारायला लागतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न टाकीवाल्या इंकजेटचेच घेतलेत, कंपनीतूनच टाकी लागून येते ते आणि बाहेरून नळ्या जोडून सीआयएसएस (शाईची वेगळी टाकी) बसवलेले, दोन्ही.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात आमचं सेवा केंद्र आहे. एप्सन एल३११० वापरतो. काळा तुटक येतोय, सातबाऱ्याच्या बारीक अक्षरांत तर मधल्या रेघाच गायब. हेड क्लीनिंग कितीतरी वेळा मारलं, टाकी अर्ध्यावर आली, फरक काहीच नाही. हेड गेलं का?

आधी क्लीनिंग मारणं थांबवा. हेड गेलं असं एवढ्यावरून अजिबात म्हणता येत नाही आणि कोणी दुकानात लगेच तसं सांगितलं तरी घाई करू नका.

क्लीनिंगमध्ये नेमकं काय होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा सरकता भाग, उजव्या बाजूला एका रबरी कपावर जाऊन बसतं, खालून पंप ओढतो आणि नॉझलमधून (हेडच्या तळाची बारीक भोकं) शाई खेचून वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये टाकतो. तिथे कुठलाही ब्रश नॉझल घासत नसतो, फक्त ओढ असते. तुमच्या मशीनमध्ये काळ्याची १८० नॉझल आहेत, त्यातली समजा वीस सुकून बंद झाली तर पंपाची ओढ उघड्या असलेल्या एकशे साठातूनच वाट काढते आणि बंद आहेत ती बंदच राहतात. म्हणजे प्रत्येक क्लीनिंगला चांगल्या नॉझलमधली शाई वाया जाते, वेस्ट पॅड भरतं आणि चोक जिथल्या तिथे. म्हणूनच कंपनीच्या मॅन्युअलमध्येसुद्धा लिहिलंय की नॉझल चेक (प्रत्येक रंगाच्या रेघा छापून बघणं) आणि क्लीनिंग असं तीनदा करून सुधारलं नाही तर मशीन बंद करून किमान १२ तास तसंच ठेवा आणि मग परत बघा. या १२ तासांत ताजी शाई सुकलेल्या शाईला आतून भिजवते, हवेचे बारीक बुडबुडे असतील तर ते वर सरकतात. बऱ्याचदा सकाळी मशीन चालू केलं की निम्मं काम झालेलं असतं.

आता नॉझल चेकचा कागद. तो फेकून देऊ नका, लागोपाठ दोन काढा आणि शेजारी ठेवून बघा. तुटलेल्या रेघा दोन्ही कागदांवर अगदी त्याच जागी असतील तर तो खरा चोक, शाई सुकलीय. तुटक जागा बदलत असेल, म्हणजे पहिल्यात वर आणि दुसऱ्यात खाली, तर नॉझल ठीक आहेत, हवा शिरलीय किंवा शाई पुरेशी येत नाहीये. आणि एखादा रंग अख्खाच गायब असेल, एकही रेघ नाही, तर एकाच वेळी सगळी नॉझल सुकणं तसं कमीच होतं, तिथे नळीत हवा, डॅम्पर (हेडच्या वरची फिल्टरची छोटी डबी) किंवा कप आणि पंप यांच्याकडे बघायचं. या तीन दुखण्यांना तीन वेगळी औषधं आहेत आणि आपण सगळ्यांना क्लीनिंगचं एकच औषध देत राहतो, खरं नुकसान तिथेच होतं.

तुमच्या वर्णनावरून खरा चोक वाटतोय. १२ तास थांबूनही सुटला नाही तर भिजवणं हा उपाय. हेड कपावर लॉक असतं, त्यामुळे मशीन चालू करायचं, हेड डावीकडे सरकायला लागलं की प्लग काढायचा (एरवी असं कधीही करायचं नाही, का ते खाली येईलच). मग हेड हाताने हळू डावीकडे ढकला. उजवीकडे तो कप दिसेल, आत स्पंजचा तुकडा असतो, बहुतेक वेळा त्यावर काळा चिकट थर बसलेला असतो. मेडिकलमधून इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या आणि एक सिरिंज आणा, ते पाणी स्वच्छ असतं, क्षार नसतात. थोडं कोमट करून कपात थेंब थेंब सोडा, स्पंज फुगला की टिश्यूने मळ टिपून घ्या, दोन-तीनदा करा. शेवटी कप काठोकाठ भरा आणि हेड परत उजवीकडे आणून त्यावर बसवा. रात्रभर तसंच. नॉझलची पट्टी आता खालून पाण्यात आहे. सकाळी प्लग लावून एक क्लीनिंग, एक नॉझल चेक.

इथेच पंपाचीही परीक्षा होते. क्लीनिंग झाल्यावर कप बघा. पाणी ओढलं गेलं असेल तर पंप बरा आहे. कप तसाच भरलेला असेल तर खालची नळी गाळाने भरलीय आणि तुम्ही आजवर मारलेल्या क्लीनिंगपैकी एकही हेडपर्यंत पोचलेलं नाही, टाकी कमी झाली असेल तर ती छपाईत झाली असेल. अशा वेळी नळी साफ करून घ्या, हेडला हात लावायची गरज नाही.

हे करताना दोन गोष्टी जपायच्या. हेडच्या मागे एक पारदर्शक बारीक पट्टी आडवी जाते, तिला बोट किंवा शाई लागली की हेडला आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि मशीन एरर देतं. आणि हेडला जाणारी ती चपटी केबल, तिच्यात पाणी गेलं आणि तसंच चालू केलं तर हेड आणि मेनबोर्ड दोन्ही जातात. म्हणून वरून पाणी ओतायचं नाही, जे काही करायचं ते खालून.

प्रश्न : जुन्या प्रिंटरला बाहेरून सीआयएसएस लावून घेतलंय, चार बाटल्यांवाली टाकी. नॉझल चेक एकदम क्लिअर येतो पण फोटो काढायला घेतला की निम्म्यापर्यंत छान आणि मग रंग उडत जातो, शेवटी शेवटी तर निळा नुसता नावाला. पाच मिनिटं थांबलं की परत चांगला येतो. इंक बदलून बघितली, काही उपयोग नाही.

नॉझल चेक क्लिअर येतो आणि थांबल्यावर परत रंग येतो, म्हणजे नॉझल उघडी आहेत हे तुम्हीच सिद्ध केलंय. हा चोक नाहीच, हेडला शाई पोचायला उशीर होतोय. नॉझल चेकला शाई लागते अगदी थोडी, ती हेडमध्ये साठलेली असते. फोटोला सलग शाई लागते आणि मागून पुरवठा कमी पडतो.

पहिलं बघायचं ते टाकीचं हवेचं भोक. सीआयएसएसच्या टाकीवर प्रत्येक रंगाला दोन तोंडं असतात, एक मोठं शाई भरायचं आणि एक बारीक हवेचं. चालू असताना मोठं बुच घट्ट बंद आणि बारीक भोक उघडं, त्यावर फक्त एअर फिल्टर. खूप ठिकाणी दोन्ही बंद असतात, धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी चांगल्या भावनेने ते बारीक बुचही लावून टाकतं. मग शाई जशी कमी होते तशी टाकीत हवा यायला जागा नाही, आत निर्वात तयार होतो आणि शाई नळीत पुढे सरकतच नाही. थांबल्यावर थोडी सरकते. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत. उलट मोठं तोंड उघडं राहिलं तर भलतीच ओल येते, हेडमधून थेंब पडायला लागतात.

दुसरी गोष्ट टाकीची उंची. टाकी आणि प्रिंटर एकाच टेबलावर, एकाच पातळीत पाहिजेत. हेड टाकीतल्या शाईपेक्षा थोडं वर असतं म्हणून शाई नॉझलच्या तोंडाशी अडून राहते, स्वतःहून गळत नाही. टाकी वरच्या फळीवर ठेवली की शाई गळून कागदावर डाग आणि एका रंगात दुसरा रंग. टाकी खाली जमिनीवर ठेवली की हेडला शाई ओढवत नाही. रंग उडतो म्हणून टाकी उंच ठेवा असं सांगणारे मेकॅनिक भेटतात, त्याने एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग सगळं मशीन शाईने भरतं. हा उपाय करू नका.

या दोन्ही गोष्टी बरोबर असतील तर मग नळी कुठे दाबली गेलीय का बघा, झाकणाखाली, हेड डाव्या टोकाला जातं तिथे वाकते का. आणि शेवटी डॅम्पर. हेडच्या वर प्रत्येक रंगाला एक छोटी डबी असते, तिच्यात अगदी बारीक जाळीचा फिल्टर असतो, बरीच वर्षं साधी शाई वापरली की तो भरतो. डॅम्पर बदलायला स्वस्त असतो, धुऊन वापरण्यात अर्थ नाही, निळ्याचा बदलून बघा.

एप्सनच्या टाकीवाल्या जुन्या मॉडेलमध्ये, म्हणजे एल२१०, एल२२० वगैरेंना, बाजूला एक खटका असतो, प्रिंट आणि ट्रान्सपोर्ट अशी चिन्हं असलेला. दुकान हलवताना तो ट्रान्सपोर्टवर केला आणि परत फिरवायचा राहिला तर अगदी हेच होतं, त्यामुळे हे मशीन असणाऱ्यांनी सगळ्यात आधी तो बघावा.

प्रश्न : घरी कॅननचा जी सिरीजचा प्रिंटर आहे, मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतला. मे महिन्यात आम्ही सगळे गावी. आल्यावर रंगीत बरं येतंय पण काळा जवळजवळ नाहीच. एप्सनसारखं पाणी घालून भिजवलं तर चालेल?

तुमचं हेड वेगळ्या जातीचं आहे. एप्सन आणि ब्रदरमध्ये विजेने दबणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो. कॅनन आणि एचपीमध्ये नॉझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो, शाई क्षणात तापून बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर फेकतो. कॅननमध्ये ही कल्पना १९७७ साली सुचली ती शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग गन चुकून लागली आणि टोकातून शाई उडाली म्हणून. तुमच्या कामाचं यातलं एवढंच की त्या हीटरला थंड ठेवायचं कामही शाईच करते. शाई येत नसताना काळी पानंच्या पानं छापत राहिलात, की बाबा कधीतरी सुटेल, तर हीटर कोरडा तापून जळतो आणि जळलेलं नॉझल कशानेही परत येत नाही. म्हणून आजपासून सुटेपर्यंत प्रिंट मारायचं बंद.

रंगीत चालू आणि फक्त काळा बंद, याला कारण आहे. या मशीनमध्ये रंगीत शाई डायची असते, पाण्यात पूर्ण विरघळलेली, आणि काळी पिगमेंटची, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. पिगमेंटने कागदावरची अक्षरं ठळक आणि पाण्याने न फुटणारी येतात, पण नॉझलमध्ये सुकलं की तेच कण घट्ट बसतात, त्यामुळे काळ्याला वेळ जास्त द्यायचा.

चांगली बातमी ही की तुमचं हेड बाहेर निघतं. काळ्याचं एक आणि रंगीतचं एक अशी दोन छोटी हेड असतात. आधी मशीनमधूनच साधं क्लीनिंग, मग डीप क्लीनिंग, मध्ये एक रात्र थांबून. तरीही नाही तर काळं हेड मॅन्युअलप्रमाणे काढा, बशीत टिश्यूची जाड घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवा आणि हेडचा नॉझलवाला तळ त्यावर नुसता टेकवा, दाबू नका, घासू नका. दहा-पंधरा मिनिटांनी घडी बदला. सुरुवातीला कागदावर काहीच उमटत नाही, मग करड्या रंगाचा पुसट डाग येतो आणि थोड्या वेळाने एकदम गडद काळी सरळ पट्टी उमटते. ती पट्टी अखंड दिसली की नॉझल उघडली. तांब्याच्या रंगाचे कॉन्टॅक्ट असतात ते पूर्ण कोरडे करूनच हेड परत बसवा. आणि हे हेड उगाच काढघाल करायची वस्तू नाही, प्रत्येक वेळी थोडी हवा आत जाते, काम झालं की परत हात लावू नका.

सिस्टीम क्लीनिंग म्हणून अजून एक पर्याय मेनूत दिसेल, तो सगळ्यात शेवटी, कारण तो नळ्यांतली भरपूर शाई ओढून टाकतो. एप्सनमध्ये याचाच भाऊ म्हणजे पॉवर क्लीनिंग, त्याला टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या लागतात आणि दोन पॉवर क्लीनिंगमध्ये १२ तासांचं अंतर लागतं. नळीत हवा असेल तर हेच योग्य, सुकलेल्या नॉझलसाठी नाही.

प्रश्न : व्हिडिओत कोणी सॅनिटायझर घालतं, कोणी थिनर, कोणी काच पुसायचं लिक्विड. नक्की काय वापरायचं?

डिस्टिल्ड पाणी, कोमट. त्याने नाही सुटलं तर प्रिंटहेडसाठी म्हणून मिळणारं क्लीनिंग सोल्युशन. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणीही चालतं, फक्त ते ॲसिड नाही ना एवढी खात्री करून घ्या. सॅनिटायझर जेलमध्ये घट्टपणा यायला जे घातलेलं असतं तेच नॉझलमध्ये जाऊन बसतं. थिनर आणि पेट्रोलने हेडमधला गोंद आणि रबर सुटतं, मग रंग एकमेकांत मिसळतात आणि ते दुरुस्त होत नाही. नळाचं पाणी नको, बोअरचं तर अजिबातच नको. आणि सिरिंज थेट हेडला लावून जोराने दाबणं हा सगळ्या व्हिडिओंमधला सगळ्यात घातक प्रकार आहे, अंगठ्याचा तो जोर आतले पातळ पडदे फाडायला पुरेसा असतो. एल३११० टाकतो तो सगळ्यात छोटा थेंब ३ पिकोलिटरचा, म्हणजे लिटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले तीन. इतक्या नाजूक वस्तूला अंगठ्याने दाबून कसं चालेल.

प्रश्न : कॉफी मग आणि टी-शर्टचं प्रिंटिंग करतो. सहा रंगांच्या एप्सनमध्ये सब्लिमेशन इंक. ऑर्डर असल्या तर रोज, नाही तर दोन-दोन आठवडे बंद. प्रत्येक वेळी एक-दोन रंग बसलेलेच असतात.

सब्लिमेशनची, म्हणजे उष्णता देऊन वस्तूवर उतरवायची शाई विरघळलेली नसते, रंगाचे कण पाण्यात तरंगत असतात आणि मशीन उभं राहिलं की ते खाली बसतात, टाकीत, नळीत आणि डॅम्परमध्ये सुद्धा. त्यामुळे तुमच्याकडे चोक हा अपघात नाही, मशीन बंद ठेवण्याचा तो सरळ परिणाम आहे. ऑर्डर असो नसो, दोन-तीन दिवसांतून एकदा सहाही रंगांच्या भरीव पट्ट्यांचं एक पान काढा, साध्या कागदावर चालतं. बाटली भरण्याआधी हळूहळू उलटसुलट करा, जोरात हलवून फेस आणू नका, नाहीतर तीच हवा नळीत जाते. बाटलीवरची तारीख बघून घ्या, सेलमध्ये जुना माल खूप फिरतो.

एक रंग संपला म्हणून हाताशी होती ती दुसऱ्या कंपनीची इंक त्याच टाकीत ओतू नका. दोन शाया एकमेकींना मानवल्या नाहीत तर नळीतच दह्यासारख्या गोठतात. आणि हे भिजवून सुटत नाही, नळ्या, डॅम्पर सगळं बदलावं लागतं. ब्रँड बदलायचाच असेल तर टाकी आणि नळी आधी पूर्ण रिकामी करून धुवा. आणि सब्लिमेशनच्या मशीनवर मध्येच साधी इंक घालून पासपोर्ट फोटो काढायचा विचार सोडून द्या, त्यासाठी दुसरं मशीनच लागतं.

प्रश्न : खूप क्लीनिंग केल्यावर आता लाल दिवे लागतात आणि वेस्ट इंक पॅड भरल्याचा मेसेज येतो. रिसेटर सॉफ्टवेअर मारलं की झालं ना?

पॅडमध्ये किती शाई गेली ते मोजणारा काउंटर शून्य होतो, पॅड रिकामं होत नाही. मशीनला पॅड किती भरलं ते दिसत नाही, ते फक्त मोजत असतं. एकदा रिसेट करून अडलेलं काम उरकलंत तर समजू शकतो, पण पॅड बदलल्याशिवाय किंवा धुऊन पूर्ण वाळवून घातल्याशिवाय चालवत राहिलात तर शाई खालून टेबलावर येते आणि वाटेत पॉवर सप्लाय असतो. कॅननच्या जुन्या जी सिरीजमध्ये ५बी०० एरर म्हणजे हेच. नव्या काही मॉडेलमध्ये यासाठी बाहेरून बदलता येणारं मेंटेनन्स कार्ट्रिज दिलंय, नवं मशीन घेताना हे नक्की विचारा, सेवा केंद्रवाल्यांनी तर विचाराच. फुकट मिळणाऱ्या रिसेटरच्या फाइलींमधून व्हायरस येतात, ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि दाखले उघडता त्यावर ते टाकू नका.

प्रश्न : आमच्याकडे विदर्भात उन्हाळा कडक, त्यात लाइट जाते. रोज संध्याकाळी बोर्डावरचं बटण बंद करून जातो. चोक होऊ नये म्हणून काय करावं?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. बोर्डावरून बंद करायचं नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड कपावर जाऊन बसतं आणि कप खालून घट्ट लागतो, नॉझलला हवा लागत नाही. दिवा पूर्ण विझला, आवाज थांबला की मग बोर्ड बंद करा. चालू असताना बोर्डावरून ओढलं तर हेड असेल तिथे उघडं राहू शकतं आणि ४५ डिग्रीच्या खोलीत एका रात्रीत काळं सुकायला तेवढं पुरतं. छपाई चालू असताना लाइट गेली तर आल्या आल्या मशीन एकदा चालू करून बटणाने बंद करा, त्या वेळी काम नसलं तरी. इन्व्हर्टरवर टाकता आलं तर उत्तमच.

मशीन खिडकीच्या उन्हात, कूलर किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका, मागचा कागदाचा ट्रे वापरात नसेल तेव्हा झाकून ठेवा, धूळ तिथूनच आत जाते आणि कपाच्या रबरावर बसली की कप नीट लागत नाही. रबराची ती कड महिन्यातून एकदा ओल्या टिश्यूने पुसा. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायची नाही, तिथून हवा शिरते. आठवड्यातून एक रंगीत पान. चार रंगांचं पाहिजे, नुसतं काळ्यात दाखले काढत राहिलात तर बाकीचे तीन रंग त्या मशीनमध्ये बंदच असतात आणि नेमका पासपोर्ट फोटो घेऊन कोणी आलं की पिवळा गायब निघतो.